उत्तर समुद्रातल्या तेलाच्या नावाखाली माझे ४,५३,५०० क्रोनर गेले

आकडा आधीच सांगतो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कुणाला वाटायला नको. ४,५३,५०० नॉर्वेजियन क्रोनर. रुपयांत साधारण ३६ लाख. त्यातले १,४०,००० बायकोने बालवाडीतल्या पगारातून साठवलेले होते.

मी अकरा वर्षं नॉर्वेत स्टाव्हांगरला आहे. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मच्या देखभालीचं नियोजन करणं हे माझं काम. तेलातलं काही कळत नाही म्हणून फसलो, असं मला म्हणताही येत नाही, आणि तेच सगळ्यात जास्त लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये फोन आला. स्वच्छ मराठी. नंबर मंडळाच्या गणपतीत मिळाला म्हणाला. मंडळात त्याला कुणीही ओळखत नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. एक फोन केला असता तर आधीच कळलं असतं. "दादा, हे बाहेर कुणाला सांगत नाही आपण." अशा योजना कशा चालतात ते तुम्हाला माहीत आहे: एका छोट्या तेल कंपनीचे लिस्टिंगच्या (शेअर बाजारात नोंद होण्याच्या) आधीचे शेअर, संपत आलेला कोटा, मोबाइलवर रोज वाढणारी रक्कम. ते उगाळत नाही. मी विश्वास का ठेवला ते सांगतो, कारण त्याचं अर्धं बोलणं खरं होतं.

तो म्हणाला, लुंडिन आठवा. आणि लुंडिनची गोष्ट खरीच आहे. उत्तर समुद्रातल्या उत्सिरा हाय भागात १९६० च्या दशकापासून विहिरी खणल्या जात होत्या. तिथे या तुलनेने लहान स्वीडिश कंपनीने २०१० मध्ये विहीर खणली आणि योहान स्वेरद्रुप हे प्रचंड क्षेत्र हाती लागलं. ऑक्टोबर २०१९ पासून तिथून तेल येतंय. २०२२ मध्ये लुंडिनचा तेलव्यवसाय आकेर बीपी या तेल कंपनीत गेला. आमच्या ऑफिसात ही गोष्ट कॉफीच्या टेबलावर शंभरदा ऐकलेली. "तशीच एक छोटी कंपनी आहे, तिथल्याच एका तेल शोधण्याच्या परवान्यात १० टक्के वाटा," असं कुणी म्हटलं की कान टवकारतातच.

मग त्याने ७८ टक्क्यांचा मुद्दा काढला. नॉर्वेत तेल कंपन्यांवर एकूण ७८ टक्के कर आहे, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तो म्हणाला, विहीर कोरडी निघाली तर सरकार खर्चाचे ७८ टक्के परत देतं, म्हणजे आपली जोखीम फक्त २२ टक्के. अशी परताव्याची योजना २००५ मध्ये खरोखर आली होती. पण तो पैसा मिळायचा परवानाधारक कंपनीला, तिच्या कराच्या हिशोबात. शेअर घेणाऱ्या माणसाला त्यातला एक क्रोनर कुणी देत नाही. शिवाय २०२२ च्या करबदलात ती योजना त्या रूपात राहिलीच नाही. त्याने पाठवलेलं पत्रक जुन्या नियमांवर बेतलेलं होतं, आणि मी ते दोनदा वाचलं होतं.

आता तो क्षण, ज्याने मला अजून झोप लागत नाही. त्याने परवान्याचा क्रमांक दिला होता. इथल्या समुद्रातल्या प्रत्येक परवान्यात कोणाचा किती वाटा, हे सोक्केलदिरेक्तोरातेत या समुद्री तेलावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर दशांशापर्यंत लिहिलेलं असतं. फुकट, कुणालाही बघता येतं. मी ते पान उघडलं. परवाना खरा होता. मालकांच्या यादीत या कंपनीचं नाव नव्हतं.

नव्हतं! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी त्यालाच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "हस्तांतराला मंत्रालयाची मंजुरी यायची आहे, दादा, तुम्हाला तर माहीतच आहे." मला माहीत होतं. वाटा विकायला मंत्रालयाची संमती लागते, त्यात महिने जातात. माझंच ज्ञान त्याने माझ्याविरुद्ध वापरलं. पण एवढं मोठं हस्तांतर चालू असतं तर विकणाऱ्या कंपनीने कुठेतरी जाहीर केलं असतं. तो शोध मी घेतला नाही. जी कंपनी यादीत नाही तिला पैसे द्यायचे नाहीत, कारण काहीही सांगोत.

२५,००० पहिले. मग १,४०,०००. मग नोव्हेंबरात २,५०,०००, कारण "जानेवारीत नवे परवाने जाहीर होतील, त्याआधी घ्या". जानेवारीत परवाने खरोखरच जाहीर होतात. खातं लिथुआनियातलं होतं, क्रमांक एलटीने सुरू होणारा. नॉर्वेची कंपनी, ऑस्लोला लिस्टिंग, आणि खातं लिथुआनियात? हाही प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पैसे काढायला गेलो तर ३८,५०० "कराचे" आधी भरा म्हणाले. शेअरच्या नफ्यावरचा कर इथे वार्षिक विवरणपत्रातून जातो, मी दरवर्षी भरतो, आणि तरी भरले. तोवर ४,१५,००० अडकले होते. ते सुटतील या आशेवर माणूस काय करतो ते अडकल्याशिवाय कळत नाही.

फसलो हे कळलं त्याच दिवशी बँकेत गेलो. उत्तर: व्यवहार तुम्ही स्वतः बँकआयडीने, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवून, मंजूर केले आहेत. बरोबर आहे, केले. पण चार वर्षांत देशाबाहेर एवढी रक्कम कधी न पाठवणारा ग्राहक एकदम २,५०,००० पाठवतो, तेव्हा एक फोन करता आला नसता? खाऊच्या दुकानातल्या १९९ क्रोनरसाठी कार्ड अडवतात!

पोलिसांना बेचाळीस पानं दिली. चॅट, पावत्या, खाते क्रमांक, सगळं तारीखवार. सहा आठवड्यांनी अर्ध्या पानाचं पत्र आलं: प्रकरण बंद. मनुष्यबळ नाही. एका माणसाने मला फोन करून एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. फोन भारतातल्या नंबरवरून यायचे, म्हणून भावाने गावाकडच्या ठाण्यात अर्ज नेला. तिथे सांगितलं, पैसे परदेशातून परदेशात गेले, आम्ही काय करणार, नॉर्वेला विचारा. नॉर्वे म्हणतं गुन्हेगार देशाबाहेर आहेत. मग त्यांना पकडायचं कुणी? भावाला दुसऱ्यांदा गेल्यावर तीन तास बसवून ठेवलं, आणि वर ऐकवलं की शिकलेली माणसंच जास्त लोभी असतात. लोभ नव्हता हो. पुण्यात आईसाठी लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायचा होता.

फेब्रुवारीत "पैसे परत मिळवून देणारा वकील" म्हणून एकाचा फोन आला, ९,००० मागत होता. त्याच्याकडे माझ्या तिन्ही हप्त्यांच्या तारखा होत्या. त्या कुठून आल्या असतील ते ओळखा, आणि असा फोन आला तर ठेवून द्या.

कुणाला या क्षेत्रात पैसे घालायचेच असतील तर एक्विनॉर ही तेल कंपनी आहे, ऑस्लोच्या बाजारात आहे, ६७ टक्के सरकारचं आहे. तिथे तेलाचा भाव पडला तर तोटाही होतो, पण तो तोटा उघड्यावर असतो. विकणारा कोणीही असो, फिनान्सतिल्सीनेत या इथल्या वित्तीय नियामकाची इशाऱ्यांची यादी बघा. आणि बघितल्यावर जे दिसेल ते विकणाऱ्याला विचारायला जाऊ नका.

प्रकरण बंद करण्याविरुद्ध अपील करायला तीन आठवडे असतात. मी एकोणिसाव्या दिवशी केलं. बायकोने तिच्या १,४०,००० चा हिशोब वेगळ्या कागदावर लिहून त्याला जोडला आहे. अजून उत्तर नाही.