प्राध्यापक खरे, प्रकल्प खरा, पत्र खोटे: फंडेड पीएचडीच्या नावाखाली चालणारी फसवणूक

फुल्ली फंडेड, म्हणजे शुल्क माफ आणि वर विद्यावेतन असलेल्या पीएचडीच्या नावाखाली फसलेल्या अर्जदारांना लोक सरसकट भोळे ठरवतात, पण त्यांनी बरीच चौकशी केलेली असते. प्राध्यापकांचे पान उघडलेले असते, प्रकल्पाचे नाव गुगलवर टाकलेले असते, निधी देणाऱ्या संस्थेच्या यादीत तो प्रकल्प सापडलेलाही असतो. सगळे खरे निघते आणि चौकशी तिथेच थांबते. गोची अशी की या प्रकारात प्राध्यापक, प्रकल्प, बऱ्याचदा जाहिरातसुद्धा अस्सल असते. खोटा असतो तो समोरून येणारा ईमेल पत्ता आणि शेवटी पुढे केलेला बँक खाते क्रमांक. म्हणजे अर्जदार तपासतो नेमके तेच, जे तपासायची गरज नसते.

शिक्षण आणि शाश्वतता या विषयात हे जास्त सहज खपते. हे संशोधन एका विभागात बसत नाही. ते शिक्षणशास्त्रात चालते, भूगोलात चालते, पर्यावरण अभ्यासात, धोरण विभागात, क्वचित व्यवस्थापनातही. त्यामुळे अनोळखी केंद्राचे नाव दिसले तरी कोणाला खटकत नाही. शिवाय भाषा सगळीकडे सारखीच: संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले शिक्षणाचे लक्ष्य ४.७, युनेस्कोचा ‘ईएसडी फॉर २०३०’ (शाश्वत विकासासाठी शिक्षणाचा कार्यक्रम), होल स्कूल अप्रोच (संपूर्ण शाळाच शाश्वततेकडे वळवणे), हवामान शिक्षण. हे चार शब्द जोडले की भारदस्त जाहिरात तयार. अस्सल जाहिरात मात्र लगेच बारकाव्यात शिरते. कोणत्या इयत्ता, शिक्षक की विद्यार्थी, कोणता अभ्यासक्रम, मुलाखती घ्यायच्या की तीन वर्षे त्याच शाळांचा माग ठेवायचा, दुसरा गाइड कोण, हे सगळे त्यात येते. ‘जगाला शाश्वत भविष्य देणारे संशोधक हवेत’ एवढ्यावर थांबणाऱ्या जाहिरातीमागे बहुधा जागाच नसते.

जाहिरात चोरण्याची रीत सोपी आहे. विद्यापीठाच्या नोकरीच्या पानावरून किंवा युराॲक्सेससारख्या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या पोर्टलवरून मुदत संपलेली जाहिरात उचलायची, तारीख पुढे ढकलायची आणि ‘अर्ज इथे पाठवा’ या ओळीतला पत्ता बदलायचा. संदर्भ क्रमांक बदलायचे कष्टही हे लोक घेत नाहीत. म्हणून तोच क्रमांक अवतरण चिन्हांत घालून शोधा. मूळ पान सापडले तर खरी मुदत कधी संपली ते कळते. अस्सल जागेचा अर्ज जवळपास नेहमी विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलमधून भरावा लागतो. गाइडला आधी मेल करून रस कळवणे वेगळे. संपूर्ण अर्ज, गुणपत्रिका आणि पासपोर्ट मेलवर मागणे वेगळे.

आता पत्त्याकडे. मोबाइलवरच्या मेल ॲपमध्ये फक्त नाव दिसते, पत्ता दिसत नाही. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. आर आणि एन ही अक्षरे शेजारी ठेवली की एम वाटतो; छोट्या एलच्या जागी मोठा आय ठेवला तर डोळ्यांना कळतही नाही. विद्यापीठाच्या नावापुढे हायफन देऊन ‘ॲडमिशन’ किंवा ‘ग्रँट्स’ जोडलेले डोमेन (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) हा आणखी एक नेहमीचा प्रकार. अशा डोमेनची नोंदणी कधी झाली ते हूइज शोधात फुकट दिसते, आणि शंभर वर्षांच्या विद्यापीठाचे डोमेन गेल्या महिन्यातले निघाले की विषय संपला. रिप्लाय दाबल्यावर मेल कुठे निघाला आहे तेही पाहा. पाठवणाऱ्याचा पत्ता एक आणि उत्तर जाण्याचा दुसरा, असे सर्रास असते. डॉट ईडीयू हे डोमेन २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळते आणि ब्रिटनचे डॉट एसी डॉट यूके हेही कोणालाही विकत घेता येत नाही, त्यामुळे तेवढा दिलासा आहे. पण तेवढाच. एखाद्या विद्यार्थ्याचे खाते हॅक करून त्यावरून मेल पाठवले जातात, तेव्हा पत्ता अस्सल आणि माणूस बनावट असतो. खात्रीचा मार्ग एकच उरतो: मेलमधली लिंक आणि फोन नंबर बाजूला ठेवायचे, विद्यापीठाची साइट स्वतः टाइप करून उघडायची, तिथून विभागाचा नंबर घ्यायचा आणि विचारायचे, ‘या क्रमांकाची जागा तुमच्याकडे आहे का, आणि हे पत्र तुमच्याकडून गेले आहे का?’ दोन मिनिटांचे काम आहे. बहुतेक जण ते संकोचापोटी करत नाहीत, आणि समोरचा त्या संकोचावरच विसंबून असतो.

मुलाखतीतही फरक कळतो. खऱ्या निवड समितीत एकाहून जास्त माणसे असतात आणि प्रश्न त्रासदायक असतात. शाश्वततेची समज वाढली हे मोजणार कसे? प्रशिक्षणाआधीचे मोजमाप नसेल तर? लहान मुलांच्या मुलाखतींसाठी पालकांची संमती कशी घेणार? बनावट मुलाखत चॅटवर होते, किंवा कॅमेरा ‘खराब’ असतो, आणि प्रश्न छंद विचारल्यासारखे असतात. दोन दिवसांत निवड झालेली असते. आणखी एक खूण आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटते: शिफारस देणाऱ्यांना मेलच जात नाही. अस्सल प्रक्रियेत शिफारसपत्र विद्यापीठ थेट त्यांच्याकडून मागवते, नाहीतर निदान त्यांच्याशी बोलते. तुमच्या दोन्ही सरांना कोणी काहीच विचारले नाही आणि जागा मिळाली, तर निवड झालेलीच नाही.

मग येते ऑफर लेटर. ते वरून खाली न वाचता, त्यात काय नाही ते पाहत वाचावे. वर लोगो, खाली गोल शिक्का, मध्ये ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती’ आणि वर्षाचा एक घसघशीत आकडा. सही ‘आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संचालक’ अशा पदाची, गाइडचे नाव गायब. शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य: विभागाशी परस्पर संपर्क साधू नये, प्रक्रिया लांबेल. हे वाक्य दिसले की पत्र तिथेच मिटावे; कोणतेही विद्यापीठ असे लिहीत नाही. अस्सल पत्र रुक्ष असते. अमेरिकेतल्या असिस्टंटशिपच्या (अध्यापन किंवा संशोधनात मदतीच्या बदल्यात मिळणाऱ्या विद्यावेतनाच्या) पत्रात विद्यावेतन ९ महिन्यांचे की १२, आठवड्याला किती तास काम (सहसा २० पर्यंत), शुल्कमाफी पूर्ण की अर्धी, आरोग्य विमा कोण भरणार, कोणते किरकोळ शुल्क तुमच्या अंगावर आणि दुसऱ्या वर्षी ही मदत कोणत्या अटीवर चालू राहील, हे सगळे असते. नॉर्वेत पीएचडी करणारा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. करार ३ वर्षांचा, किंवा २५ टक्के अध्यापनादी काम धरून ४ वर्षांचा. जर्मनीत टीव्ही-एल ई१३ ही राज्यांच्या सार्वजनिक सेवेतली वेतनश्रेणी आणि तिचा किती टक्के हिस्सा ते लिहिलेले असते. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क या पीएचडी-निधी योजनेच्या जागेत तर नियमच आहे की भरतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. त्या योजनेचे नाव घेणारा माणूस तुम्ही कुठे राहत होता हे विचारतच नसेल, तर त्याने योजना वाचलेली नाही.

घाई हे आणखी एक हत्यार. ‘२४ तासांत होकार द्या, नाहीतर जागा पुढच्याला.’ अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेचा एक ठराव आहे: त्यावर सही केलेल्या संस्थांच्या आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. यादी जाहीर आहे. पत्रातले विद्यापीठ तिच्यात असेल आणि फेब्रुवारीतच गळ्याला सुरी लावली असेल, तर विभागाला फोन करायचा.

पैसे मागण्याची सुरुवात लहान रकमेपासून होते. आधी ‘जागा निश्चिती’, मग विम्याची अनामत, मग व्हिसा प्रक्रिया, मग शाळांत जाण्यासाठी ‘एथिक्स क्लिअरन्स’. शेवटचे या विषयातले खास आहे, कारण नैतिक परवानगी खरोखरच लागते. मात्र ती मिळते संशोधनाचा आराखडा ठरल्यावर, संस्थेच्या समितीकडून, नेमणुकीआधी विद्यार्थ्याच्या खिशातून कधीच नाही. प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’ असते आणि आधी भरलेली वाया जाऊ नये म्हणून पुढची भरली जाते. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावावर, बहुधा तिसऱ्याच देशात. खरे खर्च नाहीत असे नाही: अर्जशुल्क, परीक्षेचे शुल्क, व्हिसा. पण ते कोणाला जातात ते बघा. अमेरिकेच्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) विद्यार्थ्यांची ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) सरकारच्या साइटवर स्वतः भरायची असते, मध्ये कोणी ‘संचालक’ लागत नाही.

काही जण उलटा डाव खेळतात आणि पैसे तुम्हालाच पाठवतात. प्राध्यापकांच्या नावे घरबसल्या संशोधन साहाय्यकाची जागा येते आणि पाठोपाठ चेक. समजा २,८०० डॉलरचा. त्यातले ४०० तुमचे मानधन, उरलेले २,४०० शाळांतल्या सर्वेक्षणासाठी टॅब्लेट देणाऱ्या ‘वेंडर’ला आजच पाठवा. चेक भरला की एक-दोन दिवसांत शिल्लक वाढलेली दिसते आणि तिथेच घात होतो. बँक रक्कम वापरायला आधी देते, चेक खरा की खोटा ते नंतर कळते. तो परत येतो तेव्हा पूर्ण २,८०० तुमच्या खात्यातून वजा होतात आणि वेंडरला गेलेले २,४०० तर गेलेच. अमेरिकेच्या एफबीआयने जानेवारी २०१७ मध्ये विद्यार्थ्यांना नेमक्या याच पद्धतीबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी ती अजून चालते.

अर्धी फसवणूक यापेक्षा अवघड, कारण तिथे प्रवेश खरा असतो. मध्यस्थ ‘फंडेड’ म्हणून विकतो आणि हाती येते शुल्कातली थोडी सूट. पत्रातले शब्द नीट वाचा: ‘आर्थिक मदतीसाठी विचार केला जाऊ शकतो’ म्हणजे मदत नाही. ‘तिथे गेल्यावर असिस्टंटशिप मिळतेच’ हे तोंडी वाक्य तर कागदावर येणारच नाही. शिक्षण क्षेत्रात आणखी एक सापळा आहे: पीएचडी सांगून ईडीडी गळ्यात मारणे. ईडीडी ही नोकरी करणाऱ्या शिक्षक-प्रशासकांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. चांगली पदवी आहे, पण तिचा खर्च सहसा विद्यार्थी स्वतः उचलतो.

पैशांखेरीज कागदही जातात. औपचारिक ऑफरची खातरजमा होईपर्यंत पासपोर्टची प्रत देऊ नका आणि द्यावीच लागली तर कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला हे प्रतीवर आडवे लिहा. संशोधन आराखडाही उचलला जातो. पहिल्याच मेलला संपूर्ण प्रश्नावली आणि डेटा मागणाऱ्याला दोन पानांचा सारांश पुरेसा आहे. पूर्ण मसुदा आधी झेनोडो किंवा ओएसएफ या संशोधन साठवणाऱ्या फुकट साइटवर ठेवला तर निदान तारखेचा पुरावा राहतो. शाश्वत विकासाच्या ‘परिषदे’ची निमंत्रणेही याच कुळातली: विमानभाडे आमचे, फक्त हॉटेलचे आगाऊ पैसे तुमचे. हॉटेलला थेट विचारा.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन बँकेला, त्याच तासाला. पैसे थांबवण्याची शक्यता असेल तर ती सुरुवातीलाच असते. मग सायबर पोलिसांकडे तक्रार. मेल डिलीट करू नका आणि नुसते स्क्रीनशॉटही पुरत नाहीत, पूर्ण हेडरसह (मेल कुठून कसा आला ती तांत्रिक नोंद) मूळ मेल जपून ठेवा. ज्या विद्यापीठाचे नाव वापरले त्याच्या आयटी सुरक्षा विभागाला कळवा. बनावट डोमेन बंद पाडण्यात त्यांचाही स्वार्थ असतो. ते पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडले असेल तर गप्प बसू नका. खोटी कागदपत्रे दिल्याचा ठपका पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो, त्यामुळे वकिलाशी किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलून लगेच लेखी खुलासा द्या. आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे थोड्या फीमध्ये काढून देतो’ असा मेल आला, तर उत्तर देऊ नका. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा मेल बहुधा त्याच यादीवरून आलेला असतो.