लॅमिंग्टन रोडवरचा पहिल्या मजल्यावरचा गाळा आणि माझे तीन स्क्रीन

मुंबईत खेतवाडीत घरीच मी २२ वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, करते आहे. जून उजाडला की दिवाळी अंकांची पानं लावायला सुरुवात होते आणि ऑक्टोबरपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. या कामात एका डोळ्यासमोर लेखकाचा मूळ मजकूर लागतो, दुसऱ्यासमोर पानं लावायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममधलं पान, आणि तिसरीकडे संपादकांनी खुणा करून पाठवलेलं प्रूफ. इतकी वर्षं दोन स्क्रीनवर भागवलं. पण प्रूफ बघायला मजकूर झाकायचा, परत मजकूर उघडायचा, तोवर ओळ हरवलेली. यंदा चार अंक हातात होते, म्हणून तिसरा स्क्रीन लावायचाच असं मेमध्येच ठरवलं.

माझं मशीन २०१८ सालचं. इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० प्रोसेसर, एच-३१० चिपसेटचा मदरबोर्ड, मागे स्क्रीन जोडायला एक एचडीएमआय पोर्ट आणि एक जुन्या पद्धतीचा व्हीजीए. वेगळं ग्राफिक कार्ड नव्हतंच, चित्र प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालायचं. दोन पोर्ट, दोन स्क्रीन, हिशोब संपला.

आधी जवळच्या एका दुकानात गेले. त्यांनी एचडीएमआय स्प्लिटर दिला, म्हणाले एकाचे दोन होतील. घरी येऊन लावला तर दोन्ही स्क्रीनवर तंतोतंत एकच पान! स्प्लिटर तेवढंच करतो: एका पोर्टमधून निघालेलं चित्र दोन ठिकाणी दाखवतो. विंडोजला तो एकच स्क्रीन वाटतो, त्यामुळे जागा काही वाढत नाही. हे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं, आणि वस्तू परतही घेतली नाही याचं मला वाईट वाटलं. दुसरीकडे गेले तर मशीनकडे न बघताच सांगितलं, हे काढून टाका, साठ हजारांत नवीन करू.

मग भाच्याने लॅमिंग्टन रोडला चल म्हणून आग्रह धरला. रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चार मिनिटांत कॉम्प्युटरची दुकानं सुरू होतात. आम्ही गेलो तो गाळा रस्त्यावर नाही. बाजूच्या जुन्या इमारतीत, लाकडी जिन्याने पहिल्या मजल्यावर. वर दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा, आणि भिंतीला उघडी मशीनं लावलेली.

काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "ताई, प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? शेवटी एफ आहे का?" मी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग निम्मं काम झालेलंच आहे." साधारण २०१९ पासून इंटेलचे काही प्रोसेसर नावाच्या शेवटी एफ लावून येतात. त्यांत चित्र काढणारा भाग बंद असतो, म्हणून मदरबोर्डवर एचडीएमआयचं भोक दिसलं तरी त्यातून काही येत नाही. एएमडी कंपनीच्या ७००० मालिकेच्या आधीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांचंही तसंच, नावात 'जी' हे अक्षर असेल तरच ग्राफिक्स. ही चौकशी न करता कार्ड विकणाऱ्याकडून काही घेऊ नये असं मला आता मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न होता, "काम काय करता? गेम, व्हिडिओ?" मी पानं लावते म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मग तीन-चार पोर्टचं मोठं कार्ड तुम्हाला कशाला? त्याला एसएमपीएससुद्धा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलावा लागेल. लहान कार्ड घ्या, दोन स्क्रीन त्याच्यावर टाकू, तिसरा मदरबोर्डवरच राहू दे." जास्त विकायची संधी समोर असताना कमी घ्या म्हणणारा दुकानदार मला पुष्कळ दिवसांनी भेटला.

कार्ड घेतलं ते एनव्हीडियाचं जीटी १०३०. २०१७ सालचं आहे, म्हणजे नवीन नाही, पण जेमतेम ३० वॅट खातं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही आणि बुटक्या कॅबिनेटमध्येही बसतं. एक गोष्ट मात्र डब्यावर वाचून घ्या. याच नावाने दोन कार्डं विकली जातात, एकात जीडीडीआर ५ मेमरी आणि दुसऱ्यात डीडीआर ४. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि नाव तेच. त्याने डबा उलटा करून मला ती ओळ बोटाने दाखवली. पोर्टही डब्यावरच बघायचे, काहींवर एचडीएमआय आणि डीव्हीआय असतं, काहींवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. मी डिस्प्लेपोर्टवालं घेतलं, कारण माझा २७ इंची नवा स्क्रीन डिस्प्लेपोर्टवर लावायचा होता. कार्डाचे ६,८०० रुपये, डिस्प्लेपोर्टच्या केबलचे ४५०, मजुरी ५००. शिवाय रॅम ८ वरून १६ जीबी केली, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधलीच वापरतं. पक्कं जीएसटी बिल न मागता मिळालं.

सीपीयू उघडल्यावर त्याने आधी गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला. सात वर्षांची धूळ निघाली. मग कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं, आणि मदरबोर्डच्या दोन्ही पोर्टांवरचं चित्र गेलं. माझ्या काळजाचा ठोका चुकला. तो शांतपणे म्हणाला, "कार्ड दिसलं की बोर्ड आपलं ग्राफिक्स आपोआप बंद करतो. त्याला सांगावं लागतं की तूही चालू राहा." ही या सगळ्या कामाची किल्ली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घरी कार्ड बसवणारे बहुतेक जण इथेच अडकतात आणि पोर्ट जळला असं समजतात.

मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग, उघडतं. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, मग सिस्टिम एजंट, मग ग्राफिक्स कॉन्फिगरेशन, आणि तिथे आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाची ओळ. आयजीपीयू म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. ती डिसेबल्ड होती, त्याने एनेबल्ड केली, एफ-१० दाबून सेव्ह केलं. बोर्डाच्या कंपनीप्रमाणे शब्द बदलतात, कुठे आयजीडी मल्टी-मॉनिटर, कुठे नुसतं इंटर्नल ग्राफिक्स. मशीन परत सुरू झालं आणि मला लागणारे तिन्ही पोर्ट जिवंत. आता सुरुवातीचा लोगो आणि बायोस कार्डावरच्या स्क्रीनवर दिसतात, मदरबोर्डवरचा स्क्रीन विंडोज आल्यावर उजळतो. हे त्याने आधीच सांगून ठेवलं म्हणून घरी घाबरायला झालं नाही.

निघताना प्रत्येक पोर्टशेजारी त्याने मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून १, २, ३ लिहिलं आणि केबलींनाही तेच आकडे दिले. घरी पाच मिनिटांत जोडणी झाली.

आता तीन महिन्यांच्या वापरानंतर. मधला २७ इंची आणि उजवीकडचा २४ इंची कार्डावर आहेत, डावीकडे जुना १९ इंची चौकोनी स्क्रीन मदरबोर्डच्या व्हीजीएवर. डिस्प्ले सेटिंगमध्ये तिन्ही चौकोन टेबलावर आहेत तसेच ओढून ठेवावे लागतात, वरच्या कडाही जुळवाव्या लागतात, नाहीतर माऊस कोपऱ्यात अडतो. इनडिझाइन मी मधल्यावरच ठेवते. जो प्रोग्रॅम कार्ड चालवतंय तो मदरबोर्डवरच्या स्क्रीनवर ओढला तर कार्डाने काढलेलं चित्र तिकडे नेऊन दाखवावं लागतं. नुसता मजकूर असेल तर काही जाणवत नाही, पण व्हिडिओ नेला की किंचित अडखळतो. कुठला प्रोग्रॅम कुठल्या ग्राफिक्सवर चालवायचा हे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या ओळीत जाऊन एकेकाला ठरवून देता येतं. मी इनडिझाइन कार्डाला दिलंय.

व्हीजीएबद्दल मात्र मराठीत काम करणाऱ्यांना सावध करते. व्हीजीएतून चित्र अ‍ॅनालॉग जातं आणि कडा किंचित विरघळतात. इंग्रजी मजकुरात ते चालून जातं. आपल्याकडे अनुस्वार म्हणजे एक ठिपका. 'मुलानी' आणि 'मुलांनी' यांतला फरक तेवढ्या ठिपक्याचा, आणि १० पॉइंटात तो त्या स्क्रीनवर बाजूच्या काना-मात्रांत मिसळून जातो. रफार आणि पहिल्या वेलांटीची गाठही तशीच. मॉनिटरवरचं ऑटोचं बटण दाबलं की बरंच सुधारतं, तरी मुद्रितशोधन मी तिथे करत नाही. तिथे फक्त लेखकाचं हस्तलिखित उघडं असतं, आणि त्या कामाला चौकोनी उभट स्क्रीन फार छान, फुलस्केपचा कागद जवळजवळ पूर्ण मावतो. रंगाचंही तसंच. एका मुखपृष्ठावरचा शेंदरी रंग मधल्यावर शेंदरी, चौकोनीवर पिवळट आणि २४ इंचीवर लालसर दिसत होता. पॅनेल वेगवेगळी असली की हे होणारच, कार्डाचा त्यात दोष नाही. रंगाचा निर्णय एकाच स्क्रीनवर घ्यायचा.

गाळ्याबद्दल तक्रारी सांगायच्या तर जिना चढताना सीपीयू सांभाळायला दुसरं माणूस लागतं. बसायला एक स्टूल, आणि आमचा नंबर यायला दीड तास गेला. घरी येऊन काम करून देत नाहीत. साडेअकराच्या आधी फोन उचलत नाहीत, रविवारी बंद.

खरी तक्रार एकच आहे. ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी मीटरच्या बाजूने झिरपायला लागलं म्हणून आम्ही रात्री मेन स्विच बंद केला. सकाळी मशीन लावलं तर डावीकडचा स्क्रीन काळा. दुसऱ्या अंकाचा शेवटचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, त्या दिवशी छापायला जायचा होता. केबल काढून घातली, स्क्रीन दुसऱ्या पोर्टवर लावून बघितला, तो चांगला होता. पावणेबाराला फोन लागला. त्याने एवढंच विचारलं, "ताई, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?" मी बघितलं, १ जानेवारी २०१८.

मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची बटणासारखी बॅटरी असते. मशीनचा प्लग लावलेला असेपर्यंत ती मेली तरी कळत नाही. वीज पूर्ण गेली की घड्याळही जातं आणि बायोसमधलं सगळं परत मुळावर येतं, आयजीपीयू मल्टी-मॉनिटरसुद्धा. सात वर्षांचं मशीन समोर उघडं होतं तेव्हाच ती बदलायला हवी होती. मी तसं बोलले. तो म्हणाला, "बरोबर आहे ताई, माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग फोनवरच डिलीट कधी दाबायचं तिथपासून एफ-१० पर्यंत एकेक पायरी सांगितली आणि तिसरा स्क्रीन उजळेपर्यंत फोन ठेवला नाही. संध्याकाळी भाचा बॅटरी आणायला गेला तेव्हा तिचे पैसे घेतले नाहीत. फॉर्म साडेचारला छापखान्यात पोचला.