'३० एक्स'चं घडीचं भिंग: आकडा खोटा, पण गुलाबवाल्यांनी घ्याच

आधी तक्रार सांगून टाकते म्हणजे मोकळी. पाकिटावर ३० एक्स (म्हणजे तीसपट मोठं दिसणार) छापलंय आणि ते ३० एक्स अजिबात नाहीये. हिशोब सोप्पा आहे, २५ सेंमी भागिले एक्स, की पान भिंगापासून साधारण किती लांब धरायचं ते येतं. खरं ३० एक्स असतं तर पान ८ मिमीवर म्हणजे जवळजवळ काचेला चिकटवूनच धरावं लागलं असतं. माझं अडीच सेंमीवर स्पष्ट दिसतं, म्हणजे हे १० एक्स. विक्रेत्याला मेसेज टाकला तर 'मॅडम क्वालिटी प्रॉडक्ट आहे' एवढंच उत्तर आलं. असो. २४० रुपयांना आणखी काय भांडणार, आणि गुलाबाच्या पानांना १० एक्सच बरं पडतं, जास्त पॉवर असती तर हात हलला की सगळंच नजरेबाहेर गेलं असतं.

घ्यायचं कारण असं की आमच्या टेरेसवर (पुणे, पश्चिमेचं ऊन, १४ कुंड्या) गेल्या मार्चमध्ये ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाची पानं एकदम धुरकट दिसायला लागली, हिरव्यावर सुई टोचल्यासारखे बारीक पिवळट ठिपके. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मग एक पान घेऊन नर्सरीत गेले, तिथल्या माणसाने पान उलटूनसुद्धा न बघता कीटकनाशकाची बाटली हातात दिली, दोनदा मारलं, आणि आठवड्याभरात शेजारच्या तीन कुंड्या पण तशाच!! तेव्हा चिडून हे भिंग मागवलं.

पहिल्याच दिवशी पानाची खालची बाजू बघितली आणि अंगावर काटा आला. धुळीचे कण समजत होते ते चालत होते. आठ पाय, फिकट पिवळट-हिरवट अंग, दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग, मध्ये मध्ये काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी आणि कोळ्याचं बारीक जाळं. हा लाल कोळी. नाव लाल, पण आमच्याकडचा लाल नव्हताच, त्यामुळे फोटो बघून ओळखायला गेलात तर फसाल. आणि मुख्य म्हणजे हा कीटकच नाही, कोळ्यांच्या कुळातला आहे, म्हणून मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किड्यांसाठी दिलेलं माझं ते औषध याच्यावर चाललंच नाही, उलट याला खाणारे किडे मेले असणार आणि याचं फावलं. ३० अंशाच्या आसपास अंड्यापासून मोठा व्हायला याला आठवडाभर पुरतो, म्हणजे मी बाटली हलवत बसले तोवर याची पुढची पिढी तयार. शेवटी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर कडुनिंबाचं तेल, असं तीन आठवडे केलं तेव्हा नवी पानं स्वच्छ आली.

फुलकिडे (थ्रिप्स) या भिंगातून ओळखायला जरा सराव लागतो. ते आठ पायांचे नाहीत, सहाच, आणि आकार लाकडाच्या बारीक कुसळासारखा, लांबट. कोवळी पानं वेडीवाकडी मुडपतात, कळी उमलताना पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. थेट पानावर शोधत बसू नका, शेंडा पांढऱ्या कागदावर झटका आणि मग कागदावर भिंग लावा, पळणारी कुसळं लगेच दिसतात.

मावा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, शेंड्याला लगडलेला असतो, खाली पानं चिकट आणि मुंग्यांची रांग. त्याला भिंग कशाला असं वाटेल, पण माव्याखालच्या पानांवर पांढरी भुकटी पडते ती मी दोन वर्षं भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) समजत होते, ती माव्याने टाकलेली कात निघाली. आणि शेंड्यावर फिरणारी ती काळी-केशरी काटेरी अळी, जिला मी इमाने इतबारे चिरडायचे, ती ढालकिड्याची (लेडीबगची) पिल्लं. मावाच खातात बिचारी. फार वाईट वाटलं.

काही ठिकाणी भिंगाचा शून्य उपयोग. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेले असतील तर ती पानं कापणारी एकटी राहणारी मधमाशी, घरट्यात अस्तराला नेते, झाडाचं काही बिघडत नाही, तिच्यावर फवारू नका. आणि पहिल्या पावसानंतर एका रात्रीत पानांची चाळण झाली तर दिवसा काहीच सापडणार नाही, रात्री टॉर्च घेऊन जा, हुमणीचे भुंगेरे असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. पावसाळ्यातले झालरीच्या कडांचे काळे डाग पण किडीचे नाहीत, बुरशी आहे.

वापरताना सगळे एक चूक करतात, भिंग पानाजवळ धरून लांबून बघतात. तसं नाही, घड्याळवाल्यासारखं भिंग डोळ्याला लावायचं आणि पान जवळ आणायचं. चष्मा असला तरी चालतो.

एक स्टार कापला तो आकड्यासाठी आणि भिंगातल्या त्या एलईडी दिव्यासाठी, जो दुसऱ्या महिन्यात गेला (तसंही उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं की लाइट लागत नाही). घडीचा स्क्रू सैल होतो, तो चष्म्याच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने आवळला. काच मात्र चांगली आहे, ओरखडा नाही. सध्या ते सासूबाईंकडे आहे, तांदळातले पोरकिडे बघायला म्हणून नेलं ते अजून परत आलेलं नाही, बहुतेक दुसरं मागवावं लागणार.

५ पैकी ४.