सेटएक्स कमांड: दवंडी चोख, दप्तर कच्चं

सेटएक्स व्हिस्टापासून विंडोजसोबतच येते, वेगळी बसवावी लागत नाही. तिची कामं दोन: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता येणारी, नाव दिलेली किंमत) रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या दप्तरात लिहायचं आणि चालू प्रोग्रॅमना तशी दवंडी द्यायची. दवंडी ती चोख देते. घात होतो तो लिहिताना.

रेग अ‍ॅड या दुसऱ्या कमांडने थेट रजिस्ट्रीत लिहिलं तर एक्स्प्लोररला पत्ताच लागत नाही. मग स्टार्ट मेनूतून उघडलेला नवा कमांड प्रॉम्प्टही जुनीच किंमत दाखवतो. सेटएक्स मात्र सगळ्या टॉप-लेव्हल विंडोंना 'सेटिंगचेंज' हा मेसेज धाडते. एक्स्प्लोरर तो ऐकून व्हेरिएबल पुन्हा वाचतो आणि पुढे त्याच्यातून उघडणाऱ्या प्रोग्रॅमना नवी किंमत मिळते. आधीच उघडा असलेला कमांड प्रॉम्प्ट ऐकत नाही, तो बंदच करावा लागतो. व्हीएस कोड या कोड एडिटरमधलं टर्मिनल तेवढं नवं उघडून भागत नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या विंडो बंद करा, कारण टर्मिनलला व्हेरिएबल व्हीएस कोडच्या आधीच चालू असलेल्या मूळ प्रोसेसकडून वारशाने मिळतात. विंडोज सर्व्हिसेसपर्यंत (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) तर ही दवंडी जातच नाही. तिथे मशीन रीस्टार्ट.

आता पाथ, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधते त्या फोल्डरांची यादी असलेलं व्हेरिएबल. सेटएक्सला %पाथ% देऊन मागे नवा फोल्डर जोडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया करू नका! %पाथ%मध्ये सिस्टिम आणि युजर दोन्ही पाथ एकत्र असतात, ते सगळं युजरच्या पाथमध्ये जाऊन बसतं. वर १०२४ अक्षरांच्या पुढचं कापलं जातं. एक ओळीची वॉर्निंग येते, पण तोवर शेपूट गेलेलं असतं. अवतरणातला मार्ग उलट्या तिरक्या रेघेने संपवला तर शेवटचं अवतरणचिन्हही किमतीत घुसतं. आणि व्हेरिएबल काढून टाकायची सोय नाहीच. त्यासाठी रेग डिलीट.

पॉवरशेलमधून डॉटनेटचं सेट-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल हे फंक्शन वापरलं तर १०२४ची कात्री लागत नाही, दवंडीही दिली जाते. पण किंमत साध्या स्ट्रिंग प्रकारात लिहिली जाते, त्यामुळे पाथमधले %सिस्टिमरूट%सारखे उल्लेख पुढे खऱ्या मार्गात उलगडत नाहीत. शिवाय एखादी विंडो अडकलेली असेल तर कमांड रेंगाळते, कारण दवंडीला उत्तर येण्याची वाट पाहण्याची मुदत दर विंडोला वेगळी मोजली जाते.

पाथसाठी आमची शिफारस: रेग अ‍ॅडने एक्स्पांड-स्ट्रिंग प्रकारात (यात %...% उल्लेख उलगडतात) पूर्ण युजर पाथ लिहा, मग सेटएक्सने एखाद्या फालतू व्हेरिएबलला १ द्या. दवंडी आपोआप पिटली जाते.