सीए आर्टिकलशिप, दीड वर्षानंतर: खरा त्रास रात्रीच्या मेसेजचा

टॅक्स ऑडिट अहवालाची शेवटची तारीख 30 सप्टेंबर 2025 वरून आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली, त्याच दिवसांत हा अनुभव लिहायचं ठरवलं होतं. मुदतवाढ आली की क्लायंट खूश, सर खूश. आर्टिकलचा, म्हणजे सीए फर्ममध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा, मात्र सीझन लांबतो, आणि 'ऑक्टोबरपासून नियमित बसायचं' म्हणून आखलेलं वेळापत्रक भिंतीवर लटकून राहतं. त्या वर्षी साध्या रिटर्नची तारीखही जुलैअखेरवरून सप्टेंबरच्या मध्यावर गेली होती. दोन सीझन एकमेकांत घुसले आणि मधली जी थोडी उसंत मिळते तीही गेली.

1 जुलै 2023 पासूनची सीएची नवी स्कीम इथल्या वाचकांना पाठ आहे: इंटरचे (मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप, दोन वर्षं आर्टिकलशिप, वर्षाला 12 रजा, मग सहा महिने अभ्यास, मग फायनल. त्यात वेळ घालवत नाही. आठवड्याला 35 तास कामाच्या नियमावरही लिहीत नाही, त्यावर सगळेच बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. अभ्यास तासांमुळे बुडत नाही. तो बुडतो रात्री साडेनऊ-दहाला येणाऱ्या मेसेजमुळे: 'उद्या ऑफिसला येऊ नकोस, थेट चाकणला जा. नऊला गेटवर.'

हा मेसेज येईपर्यंत उद्याचा दिवस कसा असणार हे ठाऊक नसतं. ऑफिसला जायचं असेल तर सकाळी सहा ते आठ अभ्यास होतो. चाकण किंवा रांजणगावचा क्लायंट असेल तर त्याच वेळात घर सोडावं लागतं. पुस्तक बरोबर न्यायचं की नाही, लॅपटॉप ऑफिसचा की आपला, डबा किती वाजता, सगळं त्या एका ओळीवर. अभ्यासाला बसलेली असतानाही अर्धं लक्ष फोनकडे असतं, आणि इंड एएस 115 या महसुलाच्या लेखा मानकातला करारातल्या बदलांचा भाग अर्ध्या लक्षाने होत नाही. दहा तास काम करूनही उद्या कुठे आहे हे माहीत असेल, तर दोन तास नीट बसता येतं. सहाच तास काम असलं आणि उद्याचा पत्ता नसला, तर अर्धा तासही धड जात नाही. हे मी सीनियरना वारंवार सांगितलं आहे आणि पुन्हा सांगेन.

यात पैसाही जातो, आणि त्याचा मला जास्त राग आहे. रेकॉर्डेड लेक्चरला व्हॅलिडिटी असते, व्ह्यूज मोजलेले असतात. मी एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) आणि ऑडिट एकदम घेतलं, कारण कॉम्बोला सूट होती. सीझन लांबला तरी व्हॅलिडिटी थांबत नाही. मुदत वाढवून मागितली तर क्लासवाले पुन्हा पैसे मागतात, आणि स्टायपेंडमधून ते देताना जीवावर येतं. सरकार करदात्याला मुदतवाढ देतं, तशी ती आर्टिकलच्या लेक्चरला कोणी देत नाही. फोनवर बराच वाद घातला, शेवटी थोडे दिवस वाढवून मिळाले. आता माझा नियम असा की एका वेळी एकच विषय घ्यायचा, आणि तोही नोव्हेंबरनंतर. डायरेक्ट टॅक्स तर पहिल्या वर्षी मुळीच घेऊ नका. दर फायनान्स अ‍ॅक्टने त्यात बदल होतातच, आणि 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा 2025 लागू आहे. कलमांचे क्रमांकच बदललेत. जुनं लेक्चर स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं तर पैसे पाण्यात.

पहिल्या सहा महिन्यांत मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की क्लायंटकडची कामं म्हणजे अभ्यासाचा निव्वळ तोटा. ते मत मी आता मागे घेतलं आहे. निमित्त झालं 31 मार्चच्या स्टॉक व्हेरिफिकेशनचं. ज्यात स्टॉकचा भाग येतो ते ऑडिटचं मानक, एसए 501, मी त्याआधी वाचलेलं होतं आणि ते कोरडं वाटलं होतं. प्रत्यक्ष गोडाऊनमध्ये उभं राहिल्यावर कळलं की यादीतून माल शोधणं आणि मालावरून यादीत नोंद शोधणं या दोन वेगळ्या तपासण्या का आहेत. पहिलीत नसलेला माल दाखवलेला सापडतो, दुसरीत असलेला माल नोंदवायचा राहिलेला सापडतो. शेवटच्या जीआरएनचा (माल आल्याच्या नोंदीचा) आणि शेवटच्या डिस्पॅच चलनाचा नंबर का टिपून घ्यायचा हेही तिथेच उमगलं: गाडी गेटबाहेर पडली पण बिल एप्रिलमध्ये टाकलं, तर कट-ऑफ, म्हणजे व्यवहार कोणत्या वर्षात धरायचा ती रेषा, चुकतो. त्यानंतर ऑडिटच्या केस स्टडीवरच्या एमसीक्यू मला वेगळ्या दिसू लागल्या. पर्याय वाचायच्या आधीच कुठे घोळ असणार याचा अंदाज यायला लागला.

जुन्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम 43बी(एच) चंही तेच. मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. वाचायला दोन ओळी. क्रेडिटर्सचं एजिंग (कोणाचे पैसे किती दिवस थकलेत ती यादी) घेऊन बसल्यावर खरे प्रश्न सुरू झाले: उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, असली तर उत्पादक की ट्रेडर, मीडियम तर नाही ना, रिटर्नच्या तारखेआधी पैसे दिले म्हणून सूट मागता येते का. या कलमाला ती सूट नाही, हे मी आता झोपेतही सांगेन, कारण क्लायंटच्या अकाउंटंटला ते पटवून देता देता माझं तोंड दुखलं होतं.

मग लक्षात आलं की यातलं सगळं शिक्षण एकाच ठिकाणी सलग राहिल्यावर झालेलं आहे. सलग काही आठवडे एकाच क्लायंटकडे असले की जायची वाट ठरते, बसायची जागा ठरते, दुपारी अर्धा तास सुटतो, संध्याकाळी घरी कधी पोचणार हे कळतं. तेवढ्या काळात मी एसपीओएमचा (आपल्या गतीने करायच्या ऑनलाइन मॉड्यूल्सचा) सेट ए संपवला. रोज नवी जागा असेल तर व्हाउचिंगच्या (पावत्या आणि नोंदी ताडून पाहण्याच्या) टिका मारण्यापलीकडे हाती काही लागत नाही: कोणाचं टॅली, कुठली फाइल, कोणाला विचारायचं, यातच दुपार होते.

रजेवरून एकदा जोरात वाजलं. एसपीओएमच्या परीक्षेसाठी घेतलेला दिवस रजेत धरला, त्यावर माझी तक्रार नाही. पण क्लायंटची फॅक्टरी बंद होती आणि ऑफिसने 'घरीच थांब' सांगितलं, तो दिवसही रजेत लागला. जास्तीच्या रजा झाल्या की आर्टिकलशिप तेवढी पुढे ढकलली जाते, आणि फायनलआधीचे अभ्यासाचे सहा महिने तिथून पुढे मोजायचे असतात. एका दिवसासाठी एक अटेम्प्ट हुकू शकतो. मी घरी थांबण्याचा तो मेसेज दाखवला, मग नोंद बदलली. तेव्हापासून असे सगळे मेसेज जपून ठेवते, तुम्हीही ठेवा.

सहा महिन्यांच्या भरवशावर दोन वर्षं पुस्तक न उघडणारे माझ्या बॅचला पुष्कळ आहेत. सहा पेपर, प्रत्येकात किमान 40 गुण, ग्रुपला एकूण 50 टक्के, आणि त्याआधी एसपीओएमचे चारही सेट सुटलेले हवेत. पहिली रिव्हिजन सहा महिन्यांत होईल. पहिलं वाचन आणि तीन रिव्हिजन त्यात बसणार नाहीत. डमीचा, म्हणजे कामावर न जाता कागदोपत्री आर्टिकलशिप दाखवण्याचा, सल्ला देणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

जानेवारीपासून आमच्या ऑफिसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची शीट लागते: कोण, कुठे, किती दिवस. मागणी आम्ही तिघा-चौघा आर्टिकलनी मिळून केली होती. सीनियर आधी म्हणाले, क्लायंट ऐन वेळी बदलतात, हे जमणार नाही. बदल होतातच, पण बहुतेक आठवडे शीटप्रमाणे जातात आणि सकाळचे दोन तास परत मिळाले आहेत. सीनियरनाही रात्री दहाला बसून माणसं जुळवावी लागत नाहीत, त्यामुळे आता तेच शीटची आठवण करतात. आर्टिकलशिपच्या नोंदणीचा फॉर्म 103 भरण्याआधी फर्म बघायला जाल तेव्हा स्टायपेंड आणि क्लायंटची नावं विचाराच, पण तिथल्या एखाद्या आर्टिकलला बाजूला घेऊन हेही विचारा, की उद्या कुठे जायचं हे तुला कधी कळतं.