शाळेच्या डार्करूमसाठी रीळ: प्लास्टिकचं की स्टीलचं?

एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, कोणता घ्यावा यावर लोक तासन्‌तास बोलतात. हायस्कूलचा डार्करूम वर्ग मात्र त्याच्या कितीतरी आधी, फिल्म रिळावर चढवतानाच अडतो, असा माझा अनुभव आहे. रीळ म्हणजे गोल गोल खाचा असलेली चकती: अंधारात फिल्म तिच्यावर गुंडाळायची आणि ती बंद टाकीत ठेवून रसायनांनी धुवायची. म्हणून नव्याने वर्ग सुरू करणाऱ्यांनी हा निर्णय सवडीने घ्यावा. मी पहिली तीन वर्षं प्लास्टिकची रिळं वापरली, मग स्टीलवर आलो.

प्लास्टिकच्या बाजूने बरंच आहे, ते आधी मान्य करतो. फिल्मचं टोक खाचेत सरकवायचं आणि रिळाच्या दोन्ही बाजू आळीपाळीने मागेपुढे फिरवायच्या. आतल्या छोट्या गोळ्या फिल्म पुढे ओढून नेतात. टोकाचे कोपरे थोडे गोल कापले तर आणखी सुरळीत. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन-तीन प्रयत्नांत जमतं. शिवाय तेच रीळ रुंद केलं की १२० ची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद, फिल्मही बसते.

स्टीलचं रीळ सुरुवातीला छळतं. फिल्म मधल्या क्लिपमध्ये अडकवून, बोटांनी हलकी वाकवत आतून बाहेर सोडत न्यायची. एक वेढा चुकला की दोन थर एकमेकांना चिकटतात. तिथे ना चित्र उमटवणारा डेव्हलपर पोचतो ना ते पक्कं करणारा फिक्सर, आणि निगेटिव्हवर तेवढा भाग दुधी राहतो. माझ्या वर्गात पहिले दोन आठवडे असे डाग हमखास दिसतात.

तरीही मी बदललं, ते ओलाव्यामुळे. एका तुकडीचा तास संपतो, रिळं धुऊन होतात आणि थोड्याच वेळात दुसरी तुकडी दारात उभी असते. प्लास्टिकच्या खाचांत आणि त्या गोळ्यांपाशी पाण्याचा एखादा थेंब लपून बसतो. फिल्मवरचं जिलेटिन ओलं झालं की फुगून चिकट होतं आणि फिल्म मध्येच थांबते. ३६ फोटोंची फिल्म साधारण १.६ मीटर लांब असते. तिचा अर्धा भाग रिळावर, अर्धा हातात, भोवती मिट्ट काळोख. मूल घाबरून जोर लावतं. एका मुलीने आजीच्या हातांचे फोटो काढले होते. फिल्म अडकली, तिने ढकलली, आणि नेमक्या त्याच फ्रेमवर नखासारखे अर्धचंद्राकृती डाग उमटले. मी हेअर ड्रायर आणला, रिळं रात्रभर उलटी ठेवून पाहिली, जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या. वरवर कोरडं दिसणारं रीळही कधी दगा देईल याचा भरवसा नव्हता. स्टीलचं रीळ झटकून कापडाने पुसलं की लगेच वापरता येतं. वाळायला ठेवावं लागत नाही, त्यामुळे माझ्याकडे आता आधीच्या निम्मीच रिळं आहेत आणि ती पुरतात.

आणखी एक गोष्ट. प्लास्टिकच्या बहुतेक टाक्यांत मधली पोकळ नळी प्रकाश अडवण्याचं काम करते. ती बसवायची राहिली तर झाकण लावूनही फिल्मवर प्रकाश पडतो. घाईत मुलं हे विसरतात. स्टीलच्या टाकीत तो प्रश्नच नाही. रसायनाचंही पाहा: माझ्या प्लास्टिकच्या टाकीला एका ३५ मिमी फिल्मसाठी २९० मिली लागायचं, स्टीलला सुमारे २४०. डेव्हलपर एकदाच वापरून टाकत असाल तर वीस मुलांमागे एक लीटर वाचतं. उलट स्टीलच्या टाकीत द्रव हळू ओतला जातो, तिचं झाकण कधीकधी घट्ट बसतं, आणि रीळ फरशीवर पडून वाकलं की ते बाद. मी वाकलेलं रीळ लगेच बाजूला काढतो, नाहीतर पुढचं मूल उगाच स्वतःला दोष देत बसतं.

तुमच्याकडे आठवड्यातून एकच तुकडी असेल तर प्लास्टिक घ्या, माझा अजिबात आग्रह नाही. रिळं वाळायला भरपूर वेळ मिळेल. एका दिवशी दोन किंवा जास्त तुकड्या असतील तर मात्र मी स्टीलच म्हणेन. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला रिळावर चढवण्याच्या सरावासाठी एक वाया गेलेली फिल्म द्या: आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात. फिल्म किंचित मागेपुढे हलवून ती खाचेत सैल फिरते का, हे बोटांना कळायला लागलं की दुधी डाग कमी होतात. आणि दोन कोरडी प्लास्टिक रिळं कपाटात असू द्या, १२० च्या फिल्मसाठी, आणि ज्याची बोटं अजून तयार झालेली नाहीत त्या मुलासाठी.