थ्रीडी प्रिंट केलेल्या पेडल-पेट्या : झाडीपट्टीचा एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यावर

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या एका प्रिंटिंगवाल्याकडून गिटार पेडलसाठी (गिटारचा आवाज बदलणारं, पायानं दाबायचं सर्किट) तीन पेट्या करून घेतल्या. दोन ओव्हरड्राइव्हच्या, एक फझची, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलांचे दोन प्रकार. आता मृग लागायची वाट पाहून राहिलो आहोत, म्हणजे सात महिने झाले. तिघींपैकी एक बाद झाली, एक ठिगळ लावून चालू आहे आणि एकीला ओरखड्यापलीकडे काही झालेलं नाही.

मी पूर्व विदर्भात वडशाजवळच्या गावात राहतो, झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो. इकडे दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावची जत्रा) होळीच्या आसपासपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, आणि वादक रंगमंचापुढे बसून पहाटेपर्यंत वाजवतात. पेडलनं इथं सोसायचं म्हणजे शेतातली धूळ, पहाटेचं दव, मेटॅडोरमधले गचके आणि चपलेसकट पडणारा पाय.

आधी माझं सर्किट मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात होतं. तबलेवाले काका रोज विचारायचे, ‘का गा, चटणी आणली का?’ ॲल्युमिनियमची ओतीव पेटी मागवायची तर टपालासकट सातशेच्या घरात जाते, वर भोकं आपणच पाडायची. फूटस्विचचं १२ मिमीचं भोक हातड्रिलनं सरळ पाडून दाखवा, मी तुमचा सत्कार करतो. प्रिंटची पेटी साडेतीनशेला, भोकांसकट. मोह तिथंच झाला.

माप नेहमीच्या १२५बी पेटीचंच ठेवलं, साधारण १२२ बाय ६६ मिमी, फक्त वरची बाजू उतरती केली. मागची बाजू उंच असली की अंधारात बसल्या जागेवरून नॉब दिसतात. नॉबखाली उठावाची अक्षरं घेतली : धार, सूर, आवाज. पहिल्या नमुन्यात ‘सूर’चा दीर्घ उकार सुटून शेजारच्या भोकाजवळ जाऊन बसला होता. प्रिंटिंगवाल्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी झेपत नव्हती. मग अक्षरांचं चित्र करून पाठवलं, तेव्हा ती नीट उमटली. गावातल्या पोरांना सगळ्यात जास्त तेच आवडलं.

भोकांचं एक लक्षात ठेवा. फाइलमध्ये १२ मिमी लिहिलं की प्रिंटमध्ये भोक थोडं आवळून येतं. माझा फूटस्विच अडकला, गोल कानस फिरवावी लागली. १२.३ सांगा. पॉटचं (नॉबखालचा फिरता भाग) ७ आणि जॅकचं (केबल खुपसायची जागा) ९.५ यांनाही तेवढीच मोकळीक द्या.

आता खरी डोकेदुखी. पत्र्याच्या डब्यात दोन्ही जॅकचे अर्थ (म्हणजे ग्राउंड) डब्यातूनच जुळायचे, मला वेगळी वायर टाकायची कधी गरज पडली नव्हती. नव्या पेटीत सर्किट जसंच्या तसं उचलून बसवलं आणि गिटारचा आवाजच गायब. अर्धी रात्र सर्किट तपासण्यात गेली. शेवटी उमजलं, प्लास्टिकमध्ये एका जॅकचा अर्थ दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. एक वीतभर वायर, काम झालं.

आवाज आला, पण सोबत घूं आली. जनरेटर, लाइटचे डिमर, सगळ्या पन्नास हर्ट्झचा त्रास ‘धार’ वाढवली की दहापट होऊन स्पीकरमधून निघायचा. पेटीजवळ हात नेला की घूं बदलायची. धातू हा त्रास बाहेरच अडवतो, प्लास्टिक अडवत नाही. पहिल्या प्रयोगाला खलनायकाच्या एन्ट्रीआधीच्या शांततेत माझी घूं सगळ्या मंडपाला ऐकू गेली, दिग्दर्शकानं वळून पाहिलं ते अजून आठवतं.

उपाय तांब्याची चिकटपट्टी. पेटी आतून पूर्ण मढवली, झाकणही. चिकटपट्टीचा गोंद वीज वाहून नेईल याचा भरवसा नाही, म्हणून पट्ट्या एकमेकींवर चढवून प्रत्येक जोडावर सोल्डरचा थेंब दिला. सोल्डरिंग इस्त्री पटकन उचलायची, नाहीतर खाली प्लास्टिक वितळतं (माझ्या पेटीत आतून दोन खळ्या आहेत). पट्टी कडेवरून बाहेर दुमडली की झाकण तिच्यावर टेकतं आणि तेही अर्थाला जुळतं. मग एक वायर अर्थाला. घूं जवळजवळ गेली. पण पहिल्याच रात्री सर्किटच्या बोर्डाची मागची बाजू तांब्याला टेकली आणि पेडल मुकं. आता बोर्डाखाली जाड पुठ्ठा आणि इन्सुलेशन टेप असतो. थोडक्यात, साडेतीनशेच्या पेटीत दीडशेची चिकटपट्टी आणि एक अख्खा रविवार धरा.

उन्हाळ्याचं काय झालं, ते यातलं सगळ्यात महत्त्वाचं. पहिली पेटी काळ्या पीएलए प्लास्टिकची होती. ‘फिनिश छान येते भाऊ,’ प्रिंटिंगवाला म्हणाला आणि मी मान हलवली. बाकी दोन पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकच्या. एप्रिलमध्ये ब्रह्मपुरीला लग्नाचा ऑर्केस्ट्रा होता. दुपारी आम्ही जेवायला उतरलो, गाडी उन्हात, तिन्ही पेडल एकाच पिशवीत पुढच्या काचेखाली. ब्रह्मपुरीचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. परत येऊन पिशवी उघडली तर पीएलएच्या पेटीचं झाकण पापडासारखं वर उचललेलं, आणि फूटस्विच विडा धरल्यासारखा एका गालाकडे झुकलेला. पीईटीजीच्या दोघी जशाच्या तशा. पीएलए साठेक अंशांना नरम पडतं, पीईटीजी ऐंशीच्या आसपास. बंद गाडीत काचेखाली साठ ओलांडायला इकडे फार वेळ लागत नाही. ही चूक माझीच, मी विचारायला हवं होतं. पण नागपुरात राहून त्यानंही सांगायला हरकत नव्हती.

उन्हात फझही रुसायचा, पण त्यात पेटीचा दोष नाही. त्यात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, तापले की त्यांच्यातून विजेची गळती वाढते आणि आवाज तुटायला लागतो. जानेवारीच्या थंडीत गोड वाजणारं पेडल एप्रिलमध्ये खोकायला लागलं. शेवटी सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर नवं सर्किट केलं, थोडं कर्कश आहे, पण बारमाही आहे.

याच फझची पेटी फेब्रुवारीत तडकली होती. कुणीतरी केबलमध्ये पाय अडकवून धडपडलं आणि जॅकच्या भोकातून आडवी चीर गेली, बरोबर थरांच्या रेषेवर. प्रिंट थरांवर थर चढून होतो, तुटतो तोही त्याच रेषेवर. आतून ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीनं बसवली, तेव्हापासून धरून आहे. जॅकची बाजू निदान ४ मिमी जाड मागा, आणि प्रिंट आडवा करणार की उभा, हे आधी ठरवून घ्या.

स्क्रूचंही तसंच. प्लास्टिकमध्ये सरळ पिळलेला स्क्रू चार-पाच वेळा उघडला की जागीच फिरायला लागतो, आणि घरगुती पेडल उघडावं लागतंच. मी एम३ (३ मिमी स्क्रूच्या) मापाच्या, आतून आटे असलेल्या पितळी नळ्या सोल्डरिंग इस्त्रीनं तापवून भोकांत बसवल्या. ते सगळ्यात चांगलं केलं. पॉटचे नट मात्र महिन्याला एकदा आवळावे लागतात, प्लास्टिक नटाखाली हळूहळू दबत जातं.

ॲडॅप्टरच्या भोकाशेजारी ९ व्होल्ट आणि ‘मध्ये ऋण’ची खूण उठावात घेतली, हे बरं झालं. तरी कीबोर्डवाल्यानं एकदा स्वतःचा ॲडॅप्टर खुपसलाच. उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड मेला, सर्किट वाचलं.

प्रिंटिंगवाल्याबद्दल : वेळेत दिलं नाही, तीन आठवडे म्हणून पाच लावले. पण वाकलेल्या पेटीचा फोटो पाठवल्यावर पुढच्या ऑर्डरमधून शंभर रुपये कमी केले. पुढच्या हंगामासाठी दोन पेट्या सांगितल्या आहेत, एएसए या उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकच्या, पांढऱ्या. त्यानं पुन्हा विचारलं, काळ्या करू का, छान दिसतात. मी त्याला तो वाकडा फूटस्विच पुन्हा एकदा पाठवला.